हात न उचलता

पेढीवरचा संगणक, कळफलकाच्या वाटा आणि वाचलेला वेळ

मार्गशीर्षात पुण्या-मुंबईकडे सूर्य सायंकाळी सहाच्या सुमारास मावळतो. चौविहार पाळणाऱ्या घरांची या दिवसांत होणारी ओढाताण व्यापारी कुटुंबांच्या चांगली परिचयाची आहे. गिऱ्हाइकांची वर्दळ पाचनंतर वाढते, दिवसभराच्या पावत्या चढवायच्या राहिलेल्या असतात, रोजमेळ जुळलेला नसतो आणि घरी पाने मांडून बसलेली माणसे घड्याळाकडे पाहत असतात. पेढीवर संगणक आला तेव्हा ही घाई कायमची टळेल अशी अपेक्षा होती. ती पुरती फळाला आली असे मात्र दिसत नाही. यंत्र वेगवान झाले. यंत्रापुढचा हात पुष्कळ ठिकाणी अजून माऊस धरून पडद्यावर बाण शोधत फिरतो आहे.

या हाताची पायपीट वाचवण्याचे साधन प्रत्येक संगणकाबरोबर आलेलेच असते. त्याला कीबोर्ड शॉर्टकट म्हणतात. माऊसला स्पर्श न करता, कळफलकावरच्या दोन-तीन कळा एकत्र दाबून संगणकाला आज्ञा द्यायची, इतकाच त्याचा अर्थ. ‘शॉर्टकट’ हा शब्द आपल्या बोलण्यात काहीसा बदनाम आहे; आडवाटेने जाणे, काम टाळणे असा त्याला वास येतो. येथे तसे काही नाही. काम तेवढेच, नोंद तेवढीच. फक्त वाट सरळ.

व्यापाऱ्याच्या घराण्याला तर ही कल्पना नवी वाटू नये. विसाव्या शतकापर्यंत महाराष्ट्रातील दफ्तरे आणि हिशेबाच्या वह्या ज्या मोडी लिपीत लिहिल्या जात, तिचे सारे रहस्यच लेखणी शक्य तितकी कमी उचलण्यात होते. आधी संपूर्ण ओळीची शिरोरेघ ओढून घ्यायची आणि मग तिच्याखाली अक्षरामागून अक्षर वळवत न्यायचे. ऱ्हस्व-दीर्घाचा भेदसुद्धा त्या लिपीने वेगापायी फारसा मानला नाही. अंकगणितातही तसेच. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी हे पाढे मुखोद्गत करण्यामागे बुद्धीचे प्रदर्शन नव्हते. गिऱ्हाईक समोर उभे असताना कागद-लेखणी शोधावी लागू नये, एवढाच हेतू होता. हात उचलायचा नाही, मन हलू द्यायचे नाही. आजच्या कळफलकाच्या वाटा याच वंशातल्या आहेत.

कात्री आणि गोंद

कापणे, नक्कल करणे आणि चिकटवणे ही तीन कामे आज शाळकरी मुलेही करतात, परंतु ती कोणीतरी एके काळी बसून ठरवावी लागली. अमेरिकेतील झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात १९७० च्या दशकाच्या मध्यास लॅरी टेस्लर आणि त्यांचे सहकारी टिम मॉट यांनी ‘जिप्सी’ नावाची मजकूर-संपादनाची प्रणाली तयार केली. कात्रीने कागद कापून गोंदाने दुसरीकडे चिकटवणारे संपादक त्यांच्यासमोर होते. तीच कृती त्यांनी पडद्यावर आणली. पुढे टेस्लर ॲपल कंपनीत गेले आणि १९८० च्या दशकात ॲपलच्या लिसा व मॅकिंटॉश या संगणकांतून झेड, एक्स, सी, व्ही या चार शेजारी कळांची जोडणी रूढ झाली. झेड म्हणजे केलेले मागे घेणे, एक्स म्हणजे कापणे, सी म्हणजे नक्कल आणि व्ही म्हणजे चिकटवणे. चारही कळा कळफलकाच्या डाव्या खालच्या कोपऱ्यात एका ओळीत आहेत, हे लक्षात घेण्याजोगे आहे. उजवा हात माऊसवर असला तरी डाव्या हाताला त्या विनासायास गवसतात.

सर्वांनी ही वाट लगेच स्वीकारली नाही. आयबीएम कंपनीने १९८७ मध्ये आपली वेगळी पद्धत मांडली होती. तीत कापण्यासाठी शिफ्ट व डिलीट, नकलेसाठी कंट्रोल व इन्सर्ट अशा जोड्या होत्या. विंडोजच्या बहुतेक प्रोग्रॅममध्ये त्या आजही चालतात, पण आठवणीने वापरणारे विरळाच. याच आयबीएममधील अभियंते डेव्हिड ब्रॅडली यांनी कंट्रोल, ऑल्ट आणि डिलीट हे प्रसिद्ध त्रिकूट जन्माला घातले. संगणक पुन्हा सुरू करण्याची ती आज्ञा होती. ती चुकून दाबली जाऊ नये, म्हणून दोन्ही हात गुंतावेत अशा एकमेकींपासून दूर असलेल्या कळा मुद्दाम निवडल्या गेल्या. वाट जवळची करण्याइतकाच कधीकधी ती लांब ठेवण्यातही विचार असतो.

मोजलेले क्षण

वेळ खरोखर किती वाचतो, याचा हिशेब मांडता येतो. स्टुअर्ट कार्ड, टॉमस मोरान आणि ॲलन न्यूवेल या तीन संशोधकांनी १९८० साली संगणकावरील कामाचे बारीक तुकडे पाडून प्रत्येकाची वेळ प्रसिद्ध केली. सराईत माणसाला एक कळ दाबण्यास सुमारे ०.२ सेकंद, कीबोर्डवरचा हात माऊसवर नेण्यास ०.४ सेकंद आणि माऊसने पडद्यावरचे ठिकाण गाठण्यास सरासरी १.१ सेकंद, असे ते आकडे आहेत. आता एकच आज्ञा माऊसने द्यायची झाली, तर हात नेणे, ठिकाण गाठणे, बटण दाबणे आणि हात परत आणणे मिळून २.१ सेकंद होतात. तीच आज्ञा दोन कळांनी दिली तर ०.४ सेकंद. फरक १.७ सेकंदांचा. पेढीवर दिवसाकाठी असा प्रसंग ५०० वेळा येतो असे धरले, तर रोजची १४ मिनिटे वाचतात आणि कामाचे २५ दिवस धरता महिन्याला सुमारे ३५० मिनिटे. एका सामायिकाची ४८ मिनिटे, म्हणजे दोन घटिका, या हिशेबाने ही सात सामायिके झाली.

आकडा मोहक आहे, म्हणूनच त्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. ॲपल कंपनीत अनेक वर्षे संगणकाच्या मांडणीचे काम केलेले ब्रूस टोग्नाझिनी यांनी नेमके उलट मत मांडले होते. शॉर्टकट आठवण्यात मन काही क्षण घालवते, पण गुंतलेल्या माणसाला तो काळ जाणवत नाही. त्यामुळे कीबोर्ड वेगवान वाटतो आणि घड्याळ मात्र माऊसच्या बाजूने कौल देते, असे त्यांचे म्हणणे. या मतावर बराच वाद झाला. परंतु त्यात तथ्य नाही असे म्हणता येणार नाही, कारण वर उल्लेखिलेल्या तिघांच्या मोजणीतही मनाच्या जुळवाजुळवीला १.३५ सेकंद दिलेले आहेत. आठवावी लागणारी वाट जवळची नसते. बोटांनाच ठाऊक झालेली वाट तेवढी जवळची. म्हणून शंभर शॉर्टकटांचा तक्ता भिंतीवर टांगून काही साधत नाही. दिवसातून वीस-पंचवीस वेळा जी आज्ञा द्यावी लागते तीच शिकावी, बाकीच्यांसाठी माऊस खुशाल वापरावा.

उत्तराध्ययनसूत्राच्या दहाव्या अध्ययनात भगवान महावीर गौतमस्वामींना समयमात्रही प्रमाद न करण्याचा उपदेश पुनःपुन्हा करतात. समय हे आपल्या कालगणनेतील सर्वांत सूक्ष्म परिमाण. डोळ्याची पापणी लवते तेवढ्यात असंख्यात समय निघून जातात. तो उपदेश आत्महिताचा आहे, पावत्या चढवण्याच्या वेगाचा नव्हे, आणि तो पेढीवर ओढून आणणे औचित्याला धरून होणार नाही. मात्र प्रमाद या शब्दाचा अर्थ केवळ आळस असा नाही. बेसावधपणा असाही आहे. शॉर्टकटांचा खरा लाभ तेथेच दडलेला आहे.

पावती चढवणाऱ्याची नजर पावतीवर असायला हवी. माऊसचा बाण शोधण्यासाठी ती पडद्यावर जाते, बटण शोधते, परत कागदावर येते आणि तोवर आकडा मनातून निसटलेला असतो. ४,५८० च्या जागी ४,८५० पडतात. मेळ जुळत नाही. जुन्या मुनीमांना अशी चूक ओळखण्याची युक्ती माहीत होती: फरकाला नऊने नि:शेष भाग गेला, तर कुठेतरी दोन अंकांची अदलाबदल झाली असावी. येथे फरक २७०, म्हणजे नवाची तिसावी पट. युक्ती अचूक असली तरी ती वापरण्याची वेळ आली म्हणजे सूर्यास्त गेलाच. कळा बोटांना पाठ असल्या की नजर कागदावरच राहते आणि चूक शोधण्याचा प्रसंग मुळात कमी येतो. वाचलेल्या १.७ सेकंदांपेक्षा हा न गेलेला अर्धा तास मोठा आहे.

टॅलीची भाषा

आपल्याकडील असंख्य पेढ्या ज्या सॉफ्टवेअरवर चालतात त्या टॅलीची जडणघडणच कळफलकावर झालेली आहे. गिरण्यांना कच्चा माल आणि सुटे भाग पुरवणारे बंगळुरूचे व्यापारी श्यामसुंदर गोयंका यांना आपल्या हिशेबासाठी मनाजोगते सॉफ्टवेअर मिळेना, तेव्हा त्यांनी गणिताचे पदवीधर असलेले आपले पुत्र भरत यांनाच ते लिहिण्यास सांगितले. १९८६ साली पिता-पुत्रांचा हा उद्योग सुरू झाला. भरत गोयंका यांना २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली. सुरुवातीच्या डॉस प्रणालीत माऊसचा व्यवहार नव्हता, त्यामुळे प्रत्येक कामाला कळ नेमून दिली गेली आणि पडद्याचे रूप कितीदा पालटले तरी मुख्य कळा त्याच राहिल्या. वीस वर्षांपूर्वी टॅली शिकलेल्या माणसाची बोटे आजही चुकत नाहीत ती यामुळेच.

कळफलकाच्या वरच्या रांगेतील एफ-४ ते एफ-९ या सहा कळा म्हणजे जणू पेढीचा दिनक्रम. बँकेत रोकड भरली किंवा काढली तर एफ-४, रक्कम दिली तर एफ-५, रक्कम आली तर एफ-६, जमाखर्चाच्या फिरवाफिरवीची जर्नल नोंद एफ-७, विक्री एफ-८ आणि खरेदी एफ-९. तारीख बदलायची तर एफ-२. नोंद करता करता नवा व्यापारी निघाला, त्याचे खाते अजून उघडलेले नाही, तर चालू नोंद सोडून मागे जाण्याचे कारण नाही. तेथेच ऑल्ट व सी दाबले की नवे खाते उघडते आणि काम जेथे थांबले होते तेथूनच पुढे चालू होते. मागच्याच प्रकारच्या नोंदीचा तपशील पुन्हा लिहायचा असेल तर कंट्रोल व आर. सारे भरून झाले की कंट्रोल व ए दाबून नोंद स्वीकारावी. पुष्कळ ठिकाणी माणसे प्रत्येक रकान्यातून एंटर दाबत शेवटापर्यंत जातात. तो प्रवास या एका जोडीने वाचतो.

त्याच कळफलकावर ऑल्ट व डी ही जोडीही आहे. ती नोंद पुसून टाकते. टॅली एकवार विचारते खरे, पण सवयीच्या बोटांना विचारण्याआधीच होकार देण्याची खोड लागलेली असते. वेगाला जयणेची जोड लागते ती येथे. जयणा म्हणजे प्रत्येक क्रिया पाहून, जपून करणे. चालताना, बोलताना, वस्तू उचलताना आणि ठेवताना जी सावधता सांगितली आहे तीच नोंद खोडताना का असू नये? टॅलीतच ऑल्ट व एक्स अशी दुसरी जोडी आहे. ती पावती रद्द करते, पण तिचा क्रमांक वहीत राहू देते. पाहणाऱ्याला कळते की येथे एक नोंद होती आणि ती रद्द झाली. वहीचे पान न फाडता चुकीच्या ओळीवर रेघ मारून बाजूला खुलासा लिहिण्याची जुनी रीत हीच होती. कंपनी कायद्याखालील कंपन्यांना तर १ एप्रिल २०२३ पासून अशाच सॉफ्टवेअरमध्ये हिशेब ठेवणे बंधनकारक आहे, ज्यात प्रत्येक फेरफाराची तारखेसह नोंद राहते आणि ती सोय बंद करता येत नाही. घरगुती मालकीच्या किंवा भागीदारीच्या पेढीला हा नियम लागू नाही. तरीही पुसण्यापेक्षा रद्द करण्याची सवय बोटांना लावलेली बरी.

एक्सेलमध्ये काम करणाऱ्यांना दोन-तीन जोड्या पुरेत. कंट्रोल व अर्धविरामाचे चिन्ह दाबले की आजची तारीख पडते. ऑल्ट व बरोबरचे चिन्ह दाबले की वरच्या रकमांची बेरीज मांडली जाते. कंट्रोल व डी दाबले की वरच्या चौकटीतला मजकूर खाली उतरतो. आणि गिऱ्हाईक आले म्हणून खुर्ची सोडताना विंडोजची कळ व एल दाबून पडदा कुलूपबंद करावा. गल्ला उघडा टाकून कोणी उठत नाही. खाती मात्र सर्रास उघडी असतात.

अक्षरांची वाट

पेढीबाहेरही हा विषय उपयोगी पडतो. मंदिराच्या ट्रस्टचे इतिवृत्त, पाठशाळेच्या प्रश्नपत्रिका, चातुर्मासाच्या पत्रिका, जुन्या पोथ्यांचे टंकन अशी कामे समाजात हौसेने होतात आणि ती बहुधा गृहिणी, विद्यार्थी किंवा निवृत्त मंडळी करतात. विंडोजची कळ व स्पेस दाबली की इंग्रजीवरून मराठीवर आणि परत जाता येते, एवढे कळले तरी निम्मा वैताग संपतो. अर्थात मराठी कीबोर्ड आधी एकदा जोडून घ्यावा लागतो.

मराठीसाठी इंग्रजी उच्चारांवरून टंकन करण्याचा प्रघात वाढला आहे, पण सरकारमान्य इनस्क्रिप्ट रचना मूळ वर्णमालेच्या जाणिवेतून घडलेली आहे आणि तीच शिकणे दीर्घ पल्ल्याचे ठरते. स्वर व मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजने उजव्या हाताला, त्यामुळे व्यंजन-मात्रा, व्यंजन-मात्रा असे दोन्ही हात आलटून पालटून चालतात. अल्पप्राण साध्या कळेवर, त्याचा महाप्राण त्याच कळेवर शिफ्ट धरून: क च्या कळेवर ख, ग च्या कळेवर घ, त च्या कळेवर थ. ल च्या कळेवर शिफ्टसह ळ. म च्या कळेवर शिफ्टसह ण, आणि णमोकार मंत्र टंकायचा झाला तर या कळेची ओळख पहिल्याच अक्षराला होते. प्राकृतात ण इतका येतो की चार पाने टंकून होईतो तो बोटात बसतो. वरच्या अंकांच्या रांगेत शिफ्टसह पाचावर ज्ञ, सहावर त्र, सातावर क्ष, आठावर श्र आहे. ज्ञान, चारित्र, मोक्ष, श्रावक या शब्दांना लागणारी जोडाक्षरे शेजारी शेजारी मांडलेली पाहून पाठशाळेतील मुलांना गंमत वाटते; रचना करणाऱ्यांच्या मनात अर्थातच तसे काही नसणार.

शिकण्याची रीत साधी आहे. आठवड्याला एकच जोडी घ्यावी आणि तेवढ्या कामासाठी माऊस वर्ज्य करावा. पहिले दोन दिवस काम मंदावते, चिडचिड होते; चौथ्या-पाचव्या दिवशी बोटे आपणहून जातात. अनेक प्रोग्रॅमच्या यादीत आज्ञेच्या उजव्या बाजूस तिची जोडी छापलेलीच असते, त्यामुळे वेगळ्या पुस्तकाची गरज नाही. कंट्रोलची कळ सारखी डाव्या करंगळीने दाबून ती दुखू लागल्यास उजवीकडची कंट्रोल वापरावी. ती तेथे शोभेसाठी दिलेली नाही.

या सगळ्याचा अधिक फायदा तरुणांना होतो असा समज आहे. प्रत्यक्षात ज्यांचा हात किंचित थरथरतो, ज्यांना बाण बारीक चौकटीवर स्थिर धरता येत नाही, त्या ज्येष्ठांना कळ अधिक मानवते, कारण कळ जागची हलत नाही. संगणक आला म्हणून गादीवरून बाजूला सरकलेले कित्येक मुनीमजी हिशेबात आजही पक्के आहेत. अडते ते माऊसपाशी. दोन कळा एकाच वेळी दाबणे सांध्यांच्या दुखण्यामुळे जमत नसेल, तर त्यालाही उपाय विंडोजमध्ये आहे. शिफ्टची कळ लागोपाठ पाच वेळा दाबली की ‘स्टिकी कीज’ सुरू करायची का, असा प्रश्न पडद्यावर येतो. होकार द्यावा. मग कंट्रोल दाबून सोडून द्यावी, चष्मा नीट करावा, पावतीवरचा आकडा पुन्हा एकदा पाहावा आणि सावकाश ए दाबावी. नोंद चढलेली असते.